आधी रबर बघा: टेपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या ट्रान्झिस्टरच्या खरखरीबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, पण त्यात रेडिओवाले थोडे आणि टेपवालेच जास्त निघाले. माळा आवरताना, घर बदलताना, नाहीतर घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर त्याच्या पेटीतून टेप निघतो. सेल घालून बटण दाबलं की काहीच होत नाही, आणि मग पत्र येतं. भुसावळला स्टेशनाजवळच्या गल्लीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक टेप टेबलावर ठेवतानाच सांगायचं, "आयसी गेली असेल." आयसी, म्हणजे आतली चिप, क्वचितच गेलेली असायची. आजच्या पत्रांतही बऱ्याच जणांनी आयसीवरच संशय घेतलाय, म्हणून ही सगळी पत्रं एकत्र घेतली.

वडिलांचा वॉकमन सापडला. नवे सेल घातले. प्ले दाबल्यावर आतून बारीक घूं घूं आवाज येतो, पण कॅसेट फिरत नाही. इथल्या दोन दुकानांत दाखवला, मोबाईलवाल्यांनी हातसुद्धा लावला नाही. आयसी गेली असेल का? घरी उघडून बघू का?
— एक वाचक, अमळनेर

उघडा, भाऊ. घूं घूं आवाज येतोय म्हणजे सेलचा करंट मोटरपर्यंत पोचतोय आणि मोटर फिरतेय. आयसीला यात कशाला ओढता? मेलंय ते बहुतेक रबर.

आत काय असतं ते आधी समजून घ्या. मोटरच्या टोकाला इवलीशी पुली असते. तिच्यावरून एक बारीक रबरी बेल्ट एका जड चकतीवर जातो. ती चकती म्हणजे फ्लायव्हील. फ्लायव्हीलच्या मधोमध स्टीलची गुळगुळीत बारीक काडी बसवलेली असते, ती कॅपस्टन. प्ले दाबलं की काळा रबरी प्रेशर रोलर त्या काडीला येऊन टेकतो, दोघांच्या चिमटीत टेप सापडते आणि पुढे ओढली जाते. फिलिप्सने 1963 साली ही कॅसेट आणली तेव्हा ठरलेला वेग आजही तोच आहे, सेकंदाला 4.76 सेंटीमीटर. सोनीचा पहिला वॉकमन 1979 साली आला, त्यालाही हाच वेग. हा वेग सांभाळते ती ही काडी. उजवीकडचं चाक फक्त पुढे आलेली टेप गुंडाळून घेतं. एवढं डोक्यात बसलं की निम्मे बिघाड नुसत्या नजरेने ओळखता येतात.

आता कॅसेट न घालता, झाकण उघडं ठेवून प्ले दाबा. मोटरचा आवाज येतोय आणि काडी फिरत नाही, तर मुख्य बेल्ट गेला. काडी फिरतेय पण उजवं चाक थांबलंय, तर दुसरा छोटा बेल्ट किंवा आयडलरचं, म्हणजे मधल्या छोट्या चाकाचं, रबर गेलं. अशा यंत्रात चांगली कॅसेट चुकूनही घालू नका. टेप पुढे येत राहील, गुंडाळायला कोणी नाही, मग ती रोलरलाच लपेटून बसेल. दोन्ही फिरतात आणि तरी आवाज नाही, तर मग हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग), वायर, स्विच अशा क्रमाने शोधायचं.

उघडताना घाई नको. मागचे दिसणारे स्क्रू काढले तरी झाकण सुटत नाही, कारण एखादा स्क्रू सेलच्या खणात आणि एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. स्टिकरवरून बोट फिरवा, खड्डा लागतो. पेचकसाचं टोक खाचेत घट्ट बसलं पाहिजे. सैल टोकाने जोर लावला की खाच गोल होते आणि मग तो स्क्रू ड्रिलशिवाय निघत नाही. पुठ्ठ्यावर यंत्राचा आकार काढायचा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवायचा, ही आमच्या दुकानातली पद्धत. वॉकमनमध्ये लांबीत थोडाफार फरक असलेले स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो पीसीबीत, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीत, घुसतो. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा. आमच्या वेळी ही सोय नव्हती, तुम्हाला आहे.

सेलच्या पट्ट्यांकडून येणाऱ्या आणि हेडकडे जाणाऱ्या वायरी जुन्या झाल्या की सोल्डरच्या टाक्याजवळच तुटतात. झाकण ओढून काढू नका. पुस्तक उघडावं तसं बाजूला ठेवा.

आत बेल्टची दोनपैकी एक गत झालेली असेल. एकतर तो सैल पडून पुलीवरून उतरलेला असेल, नाहीतर वितळून काळा चिकट लगदा झालेला असेल. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेल्या यंत्रात मला लगदाच जास्त सापडला. हा लगदा कपड्यांना लागला तर जात नाही, म्हणून खाली जुना पेपर आणि हातात मोजे हवेत. आधी लाकडी काडीने जमेल तेवढा खरवडा. मग कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दोन्ही पुल्या अशा पुसा की खाचेत काळं काही उरणार नाही. थोडंही राहिलं तर नवा बेल्ट तिथे चिकटतो आणि गाणं दर फेऱ्याला गचका खातं. हे अल्कोहोल मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे 'आयपीए' म्हणून मिळतं. जळगावच्या गोलाणी मार्केटात गेलात तर शोधावं लागणार नाही. करोनाच्या वेळचं सॅनिटायझर घरात पडून असेल, ते वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे थर सोडतं. पेट्रोल आणि थिनरने तर प्लास्टिकच विरघळतं.

नवा बेल्ट किती मापाचा घ्यायचा, हे दुकानदार विचारतो आणि गिऱ्हाईक गप्प होतं. माप असं काढा. जाड दोरा घ्या. बेल्ट ज्या ज्या पुलीवरून जात असेल त्या सगळ्यांवरून तो फिरवून गाठीच्या जागी पेनाने खूण करा. दोरा सरळ करून मोजा आणि त्यातून शंभराला पाच ते आठ वजा करा. दोरा 200 मिलिमीटर भरला तर बेल्टचा घेर 184 ते 190 मिलिमीटर. जाडी ठरवायला पुलीची खाच बघा. बहुतेक ठिकाणी चौकोनी छेदाचा, साधारण एक मिलिमीटर जाडीचा बेल्ट बसतो, काही यंत्रांत चपटा पट्टीसारखा असतो. निरनिराळ्या मापांचे बेल्ट एकत्र असलेलं पाकीट ऑनलाईन मिळतं, ते घेणं परवडतं. फार घट्ट बेल्ट बसवला तर मोटरवर ताण येतो, ती गरम होते आणि तिचं बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती कडी, झिजतं.

नोटांच्या बंडलाचं रबर लावू नका. त्याची जाडी एकसारखी नसते, त्यामुळे आवाज लहरतो, आणि दोन उन्हाळ्यांत तेही वितळतं. सायकलच्या ट्यूबचं कडं कापून लावलेले टेप गावागावांतून माझ्याकडे येत. ते फिरायचे, पण लताबाई ऐकताना कोणी विहिरीतून गातंय असं वाटायचं. जुना बेल्ट गरम पाण्यात उकळून आवळायची युक्तीही सगळ्यांना ठाऊक असते. तो आवळतो खरा, पण थोड्याच दिवसांत पुन्हा सैल पडतो. यंत्र उघडलंच आहे तर नवा टाका.

बंद करण्याआधी हेड, काडी आणि रोलर आयपीएने पुसा. कापूस तांबूस होईल, तो टेपवरचा निघालेला थर. रोलरचं रबर आयपीएत भिजत ठेवू नका, ओलसर कापसाने पुसून लगेच कोरडं करा. रोलर काचेसारखा चकाकत असेल तर बारीक पॉलिश पेपर त्यावरून हलकेच फिरवा. तेल द्यायचंच असेल तर शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आणि फक्त काडीच्या बुशमध्ये. बेल्टला किंवा रोलरला तेल लागलं तर सगळं पुन्हा पुसावं लागेल. खोबरेल तेल घातलेले टेप मी पाहिलेत. ते थंडीत गोठतं आणि नंतर त्याचा डिंक होतो.

हे सगळं करून चाकं फिरली पण आवाज अगदी क्षीण आला, किंवा एकाच कानात आला, आणि यंत्र 1990च्या आसपासचं असलं, तर पीसीबीवरचे बारीक कपॅसिटर गळालेले असू शकतात. त्यांच्याखालचं तांबं काळपट दिसतं आणि सोल्डर लावलं की माशासारखा वास येतो. ते घरचं काम नाही. बारीक टाके घालणारा मोबाईलवाला ते करू शकेल. चाकं फिरताना दाखवलीत तर तो हात लावेलही. त्याला धास्ती असते ती यंत्राच्या चाकांची.

शाळेचा जुना मोनो टेप आहे, वर पियानोसारखी बटणं असलेला. सेलच्या खणात पांढरा आणि हिरवा थर साचलाय. कोणी म्हणतं लिंबू लावा, कोणी म्हणतं सोडा. काय खरं?
— शिक्षिका, शिरपूर

ताई, दोन्ही खरं आहे, पण सेल कोणते होते यावर ते ठरतं. आपल्याकडे बहुतेक घरांत वापरतात ते साधे सेल फुटले की बाहेर येणारा द्रव आम्लधर्मी असतो. त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी लावायचं. ज्यांच्यावर 'अल्कलाइन' लिहिलेलं असतं ते महागडे सेल फुटले तर त्यांचा द्रव अल्कधर्मी असतो. त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. कोणते होते ते आठवत नसेल तर थोडंसं व्हिनेगर लावून बघा. फसफसलं तर अल्कलाइन. नाही फसफसलं तर पुसून सोड्याकडे वळा. कापूस ओलसर असू द्या, ओतू नका. नंतर साध्या पाण्याचा ओला कापूस, मग आयपीए, मग एक दिवस कोरडं होऊ द्या. डोळ्यांना हात लावू नका.

स्प्रिंग पॉलिश पेपरने घासून धातू चमकवा. गंजून कुरकुरीत झाली असेल तर भंगार टॉर्चची किंवा खेळण्यातली स्प्रिंग बसते. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा द्रव वायरच्या प्लास्टिकच्या आतून सरकत जातो. बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि आत तांबं हिरवं पडलेलं असतं. म्हणून स्प्रिंगला जोडलेली वायर टोकाला थोडी सोलून बघा.

अशा टेपला रेकॉर्ड आणि प्ले बदलणारा एक लांब सरकता स्विच पीसीबीवर असतो. यंत्र खूप दिवस बंद राहिलं की त्याचे कॉन्टॅक्ट मळतात. मग आवाजच येत नाही, किंवा अधूनमधून शिट्टी मारल्यासारखा येतो. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून स्विच वीसेक वेळा पुढेमागे करा. शाळेच्या टेपांमध्ये मला हा दोष हटकून सापडायचा. वर्षातून पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला काढायचे, मग कपाट बंद.

आमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी या टेपवर लावल्या की बुवांचा आवाज घोगरा येतो. हार्मोनियमवर सूर धरायला गेलो तर जुळत नाही. मोटर बदलावी का?
— मृदंगवादक, पारोळा

बुवा, आधी एक सांगा, आवाज सतत जाड येतो की वरखाली लहरतो? लहरत असेल तर सैल बेल्ट, कडक झालेला रोलर किंवा वाकडी काडी. बेल्ट आणि रोलरचं वर लिहिलंच आहे. वाकलेली काडी सरळ करायच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्या भंगार टेपमधून फ्लायव्हीलसकट घ्या. सतत एकसारखा जाड येत असेल तर वेग कमी आहे. मग पहिल्यांदा नवे सेल घाला. सेल उतरले की असंच होतं, आणि त्यासाठी मोटर बदलायला निघालेली माणसं कमी नव्हती.

वेग किती कमी आहे ते घरीच मोजता येतं. बाजारातून विकत घेतलेली एखादी कॅसेट घ्या आणि त्यातलं तेच गाणं, त्याच ध्वनिमुद्रणाचं, मोबाईलवर शोधा. मोबाईलवर ते बरोबर 5 मिनिटांचं असेल आणि टेपवर 5 मिनिटं 18 सेकंद लागत असतील, तर वेग जवळपास सहा टक्क्यांनी कमी आहे. सहा टक्के म्हणजे हार्मोनियमची एक पट्टी. काळी चारमध्ये गायलेलं भजन पांढरी पाचमध्ये ऐकू येईल. तुम्ही हार्मोनियमवर धरून पाहिलंच आहे, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. एकाच कॅसेटवर विसंबू नका, दोन-तीन लावून बघा, कारण कंपन्यांच्या कॅसेटीही थोड्या वरखाली भरलेल्या असायच्या.

या जातीच्या टेपांमध्ये मोटरच्या मागच्या बाजूला बहुधा एक बारीक भोक असतं, कधी त्यावर रबरी बूच असतं. आत वेग बदलायचा स्क्रू आहे. गाणं चालू असताना बारीक पेचकसाने तो केसभर फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं. फिरवण्याआधी मूळ जागा लक्षात ठेवा. भोक नसेल तर पीसीबीवर छोटा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा कंट्रोल, शोधा, तिथेही आधी पेनाने खूण करा.

आता खरी मेख. तुमच्या मंडळाची कॅसेट ज्या टेपवर भरली, तो टेपच तेव्हा जोरात किंवा हळू चालत असेल तर? हळू चालणाऱ्या टेपवर भरलेलं भजन बरोबर वेगाच्या टेपवर चढ्या सुरात आणि घाईघाईने ऐकू येतं. म्हणून यंत्राचा वेग बाजारच्या कॅसेटीवर ठरवा आणि मंडळाच्या कॅसेटीची दुरुस्ती कॉम्प्युटरवर करा. दर कॅसेटीला मोटरचा स्क्रू पिळत बसलात तर तो स्क्रूच ढिला होईल.

टेपने माझ्या आजोबांची कॅसेट खाल्ली. आत गुंता झालाय. ओढून काढू का? एका जागी टेप चुरगळली आहे, ती इस्त्री करता येईल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नंदुरबार

ओढू नकोस बेटा, आणि इस्त्री तर अजिबात नाही. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर. इस्त्रीने पट्टी आकसते आणि थर निघतो.

सेल काढून घे. झाकण उघडं ठेवून कॅसेट हळूच वर उचल, टेप अजून आत अडकलेली असेल. रोलरभोवती किती वेढे बसलेत ते टॉर्चच्या उजेडात बघ आणि रोलर उलट्या दिशेने बोटाने फिरवत एकेक वेढा सोडव. नखं लावू नकोस. कापल्याशिवाय सुटतच नसेल तर एकाच जागी, तिरकं काप. बाहेर आलेली टेप पीळ न पडू देता सपाट धर आणि कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून आत घे. चुरगळलेली जागा मागच्या बाजूने बोटाच्या मऊ भागाने सारखी केली की पुरते. तिथे क्षणभर आवाज बसेल, तेवढं सोसायचं.

कापलेली टोकं जोडायला स्प्लायसिंग टेप, म्हणजे त्यासाठीचीच खास चिकटपट्टी, मिळाली तर उत्तम. साधी चिकटपट्टी उन्हाळ्यात पाझरते आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवते. टोकं एकमेकांना भिडव, एकावर एक चढवू नकोस. पट्टी मागच्या बाजूला, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूला लाव. जास्तीची कड ब्लेडने काप, पट्टी टेपच्या रुंदीबाहेर जराही राहता कामा नये. ही रुंदी चार मिलिमीटरलाही थोडी कमीच असते, तेव्हा चष्मा असेल तर लाव.

कॅसेटला स्क्रू असतील तर ती उघडता येते. नसतील, म्हणजे चिकटवलेली असेल, तर कडेने ब्लेड फिरवून फोडावी लागते आणि दोन्ही रिळं स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटीत बसवावी लागतात. उघडलीच तर मधल्या खिडकीजवळचा स्प्रिंगवरचा छोटा नमदा बघ. त्याचा गोंद सुटून तो पडला की टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज बसका येतो. लोक त्याचा दोष यंत्राला देतात. भंगार कॅसेटीतला नमदा स्प्रिंगसकट काढून इथे बसव.

आजोबांची कॅसेट किती मिनिटांची आहे तेही बघ. 60 मिनिटांच्या कॅसेटची टेप चांगली जाड असते, 90 ची त्याहून पातळ. 120 ची इतकी पातळ असते की जुन्या यंत्रात घालूच नये. आणि टेप का खाल्ली ते शोधल्याशिवाय दुसरी कॅसेट लावू नकोस. उजवं चाक नीट फिरतंय का आणि रोलर चिकट झालाय का, या दोन गोष्टी आधी.

आईने गायलेली आखाजीची आणि कानबाईची गाणी मामांनी टेप केली होती. आई आता नाही. कॅसेट एकच आहे. टेप दुरुस्त करून आणला तर त्याच्यात ती लगेच लावायची का? भाऊ, मनी मायना आवाज शे त्यामा. (माझ्या आईचा आवाज आहे त्यात.)
— एक वाचक, साक्री तालुका

नाही ताई, लगेच नाही. टेप भंगारात शोधला तर दुसरा मिळेल.

सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही खिट्या पेचकसाने मोडून टाका. खिटी मोडली की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. स्वस्त टेपांमध्ये पुसायचं हेड म्हणजे नुसता चुंबक असतो आणि रेकॉर्ड दाबलं की तो टेपला येऊन भिडतो. सेल नसले तरी चुंबक चुंबकच, भिडला तेवढी जागा गेली.

मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रिळाची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट कोणत्याही यंत्रात न घालता आधी माहितगाराला दाखवा. कड स्वच्छ असेल तर पेन्सिलीने दोन्ही चाकं थोडी फिरवून बघा. जड लागलं, किरकिरलं, तर रिळं दुसऱ्या कॅसेटीत बदलायची.

दुरुस्त केलेल्या यंत्रात पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट लावा. दोन्ही बाजू पूर्ण वाजू द्या, फॉरवर्ड करा, रिवाइंड करा. तिला काही झालं नाही तर हेड पुन्हा पुसून मग आईची. लगेच प्ले करू नका, एकदा टोकापर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात.

पहिल्या वेळी ऐकतानाच रेकॉर्ड करून घ्या, मागाहून करू असं म्हणू नका. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून ती कॉम्प्युटरच्या 'लाइन इन'ला जोडा. लॅपटॉपला ते भोक नसेल तर यूएसबीला लागणारं छोटं ऑडिओ कॅप्चर मिळतं. त्याला लाइनचं इनपुट आहे ना, ते विचारून घ्या. नुसत्या माइकच्या भोकात टेपचा आवाज फाटतो. टेपचा व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवा. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी वेव्ह फाइल करा, मोबाईलवर पाठवायची एमपीथ्री नंतर तिच्यातून काढता येते. एक प्रत तुमच्याकडे, एक मामांकडे, एक पेन ड्राइव्हवर.

आवाज दबका येत असेल, शब्दांतले 'स' आणि 'श' ऐकू येत नसतील, तर हेडचा कोन बदललेला आहे. मामांच्या टेपचं हेड थोडं तिरपं असेल तर त्यावर भरलेली कॅसेट दुसऱ्या सरळ हेडवर दबकीच वाजते. हेडच्या बाजूला दोन स्क्रू असतात, त्यातल्या एकाखाली स्प्रिंग असते. कॅसेट चालू ठेवून तोच स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा. एका जागी आवाज एकदम उघडतो. कान ते ओळखतो, मीटर लागत नाही. चांदीची रिंग किंवा बांगडी हातात असेल तर आधी काढा, पेचकस निसटला की ती हेडला लागून ओरखडा उठतो. आईच्या कॅसेटीवर हे जमवायला वेळ लागणार असेल तर त्याच टेपवर मामांनी भरलेली दुसरी एखादी टाकाऊ कॅसेट शोधा आणि तिच्यावर कोन जुळवा.

आणि हो, गाण्यांच्या मधे कोणी बोललं असेल, भांडी वाजली असतील, तर ते कापून टाकू नका.

जुना दुरुस्त करण्यापेक्षा ऑनलाईन नवा कॅसेट प्लेअर घेऊ का?
— चाळीसगाव

सोनीने 2010 साली जपानमध्ये कॅसेटवाला वॉकमन बनवणं थांबवलं. आता नवे म्हणून मिळतात त्यातल्या बहुतेकांच्या पोटात तानाशिन या जपानी कंपनीच्या साध्या मेकॅनिझमची नक्कल असते. फ्लायव्हील हलकं, त्यामुळे सूर थोडा डळमळतो. गाणी ऐकण्याची हौस भागवायला ठीक आहे. जुना चांगला टेप बेल्ट आणि साफसफाईत सुटत असेल तर मी जुनाच घेईन.

घरात बॅटरी एलिमिनेटर पडून आहे. सेलऐवजी तो लावला तर चालेल?
— यावल

तीन गोष्टी जुळल्या तर. यंत्रावर 3 व्होल्ट लिहिलं असेल तर 3, 6 असेल तर 6. एलिमिनेटर यंत्राला लागेल तेवढा अँपिअर देणारा हवा, जास्त देणारा असला तरी चालतो. आणि पिनच्या आत प्लस की मायनस ते यंत्रावरच्या छोट्या चित्रात बघा. जुन्या यंत्रांत दोन्ही पद्धती सापडतात आणि उलटं लागलं तर तुम्ही सगळे जिला दोष देता ती आयसी खरोखरच जाते. स्वस्त एलिमिनेटरने गुणगुण ऐकू येते, रेकॉर्ड करताना सेलच वापरा. ज्या टेपला थेट 230 व्होल्टची वायर लागते, तो उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पार्सलने टेप पाठवला तर दुरुस्त करून द्याल का?
— पाच-सहा जण, वेगवेगळ्या गावांचे

नाही. दुकान बंद केलं आणि बारीक टाके घालायला डोळे आता साथ देत नाहीत. टेप पाठवू नका, मागचं झाकण काढून आतला फोटो पाठवा, बेल्ट आणि पुल्या दिसतील असा, उजेडात काढलेला. सोबत लिहा की प्ले दाबल्यावर काडी फिरते का आणि उजवं चाक फिरतं का. एवढ्यावर बहुतेकांचं उत्तर देता येईल.